धाग्यामागील साखळी

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचे लिखित रूप)



कापडाच्या पेढीवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली एक परीक्षा आहे. नवा माल आला की जाणता व्यापारी ताग्याच्या कडेचा एक धागा ओढून काढतो, काडी पेटवतो आणि तो धागा ज्योतीला लावतो. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही जळत्या कागदाचाच येतो आणि मागे मऊ, करड्या रंगाची राख उरते. रेशीम किंवा लोकर जळताना केस जळाल्याचा वास येतो व बोटांत चुरडली जाणारी काळी गुठळी शिल्लक राहते. पॉलिएस्टरचा धागा मात्र प्रथम आखडतो, मग वितळतो आणि थंड झाल्यावर त्याचा कडक मणी होतो. तो मणी बोटाने चुरडत नाही.

ही परीक्षा पुष्कळांना येते. परंतु असे का घडते, हा प्रश्न पेढीवर सहसा विचारला जात नाही. त्याचे उत्तर गेल्या शंभर वर्षांतील रसायनशास्त्राने दिले आहे. कापूस, रेशीम, लोकर, नायलॉन आणि पॉलिएस्टर या साऱ्यांची घडण मुळात एकाच रीतीची आहे. अत्यंत लहान रेणू एकमेकांचे हात धरून शेकडो-हजारोंच्या संख्येने एका ओळीत जोडले जातात आणि त्यांची लांबच लांब साखळी तयार होते. अशा साखळीला शास्त्रात बहुवारिक किंवा रूढ भाषेत पॉलिमर म्हणतात, आणि तिच्यातील सुट्या कडीला एकवारिक म्हणतात. कडी कोणती आहे आणि ती पुढच्या कडीशी कशी जोडली गेली आहे, या दोन गोष्टींवर धाग्याचे सारे गुण-दोष अवलंबून असतात.

याचे सर्वांत सोपे उदाहरण विणकराच्या घरातच सापडते. मागावर चढविण्यापूर्वी सुती ताण्याला खळ देतात. सूत म्हणजे मुख्यतः सेल्युलोज आणि पारंपरिक खळ म्हणजे स्टार्च. आश्चर्याची गोष्ट अशी की, या दोन्हींची कडी एकच आहे, ती म्हणजे ग्लुकोज नावाची साखर. फरक केवळ जोडणीचा. स्टार्चमध्ये ग्लुकोजच्या कड्या अशा रीतीने जोडलेल्या असतात की, साखळी स्प्रिंगसारखी वळत जाते. तिच्या वेटोळ्यांत पाणी सहज शिरते, ती गरम पाण्यात फुगते आणि मनुष्याच्या पोटात पचते. सेल्युलोजमध्ये प्रत्येक पुढची कडी मागच्या कडीच्या मानाने उलटी बसलेली असते. त्यामुळे साखळी सरळ राहते, शेजारच्या साखळीला लगटून बसते आणि दोहोंमध्ये असंख्य लहान-लहान आकर्षणे निर्माण होतात. म्हणून पहिल्या धुण्यातच खळ निघून जाते आणि कापड मात्र वर्षानुवर्षे टिकते. भात पचतो आणि धोतर पचत नाही, याचे कारणही हेच होय.

आज हे शाळेच्या पुस्तकात सहज वाचावयास मिळते. परंतु अशी लांब साखळी खरोखरच अस्तित्वात आहे, ही गोष्ट विद्वानांच्या गळी उतरविण्यासाठी एका माणसाला आयुष्याची उमेदीची वर्षे खर्ची घालावी लागली. त्याचे नाव हर्मान स्टाउडिंगर. हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ १९२० साली झुरिक येथे प्राध्यापक होते. रबर, सेल्युलोज यांसारखे पदार्थ म्हणजे रासायनिक बंधांनी जोडलेल्या प्रचंड लांबीच्या साखळ्या होत, असे त्यांनी त्या वर्षी एका लेखात मांडले. पुढे १९२२ साली त्यांनी अशा रेणूंना ‘महारेणू’ या अर्थाचे नाव दिले.

त्या काळच्या बहुतेक रसायनज्ञांना हे मान्य नव्हते. एवढा मोठा रेणू असूच शकत नाही. लहान-लहान रेणूंचा नुसता पुंजका जमलेला असतो आणि एक प्रकारच्या दुर्बळ आकर्षणामुळे तो एकत्र राहतो, असे त्यांचे मत होते. दाण्यांची रास आणि दाण्यांची माळ यांत जो फरक, तोच या दोन मतांत होता. स्टाउडिंगर यांनी वाद केवळ शब्दांनी घातला नाही. विरोधकांच्या म्हणण्याप्रमाणे रबराचा पुंजका त्यातील दुहेरी बंधांच्या आकर्षणामुळे टिकत असेल, तर त्या दुहेरी बंधांत हायड्रोजन भरून ते नाहीसे केले की पुंजका सुटला पाहिजे आणि सहज उकळणारा एखादा साधा द्रव हाती आला पाहिजे. त्यांनी हा प्रयोग करून पाहिला. दुहेरी बंध गेले, तरी पदार्थ पूर्वीसारखाच दाट व चिवट राहिला. याचा अर्थ, ती रास नव्हती, माळच होती. तरीही विरोध लगेच मावळला नाही. मोठ्या रेणूंचा नाद सोडून द्यावा, असा सल्ला त्यांना सहकाऱ्यांकडून मिळत राहिला. अखेर त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९५३ साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी. मधल्या काळात त्यांच्या मताची खरी परीक्षा अटलांटिक महासागरापलीकडे, अमेरिकेतील एका प्रयोगशाळेत होत होती.

ती परीक्षा घेणारे वॉलेस कॅरोदर्स हे आयोवा राज्यातील एका शिक्षकाचे पुत्र. त्यांचे वडील वाणिज्य महाविद्यालयात शिकवीत असत आणि वडिलांच्या सांगण्यावरून त्यांनीही प्रथम तेथेच हिशेबलेखनाचे शिक्षण घेतले. पुढे ते रसायनशास्त्राकडे वळले, हार्वर्ड विद्यापीठात त्यांनी अध्यापन केले आणि १९२८ साली ते डेलावेअर राज्यातील विल्मिंग्टन येथे ड्यू पाँट कंपनीच्या संशोधन केंद्रात रुजू झाले. साखळी रेणू आहेत की नाहीत, या वादात वेळ न घालवता एकेक कडी जाणीवपूर्वक जोडून अशी साखळी स्वतः बांधून दाखवावी, असे त्यांनी ठरविले.

त्यांची रीत समजावयास कठीण नाही. ज्या रेणूला एकच हात आहे, तो एका शेजाऱ्याचा हात धरू शकतो आणि तेथेच जोडणी संपते. पण ज्या रेणूला दोन्ही टोकांना हात आहेत, तो डावीकडे एकाला आणि उजवीकडे दुसऱ्याला धरू शकतो. त्यामुळे ओळ वाढतच जाते. कॅरोदर्स यांनी एका बाजूला दोन्ही टोकांना आम्लगट असलेला रेणू घेतला आणि दुसऱ्या बाजूला दोन्ही टोकांना त्या आम्लगटाशी संयोग पावणारे गट असलेला रेणू घेतला. प्रत्येक जोडणीच्या वेळी दोन्ही बाजूंचा थोडा अंश सुटतो आणि त्याचे पाणी बनते. एका जोडणीला पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. या प्रकाराला संघनन म्हणतात.

साखळी बांधण्याचा आणखी एक प्रकार आहे. एथिलीन या वायूच्या रेणूत दोन कार्बन अणूंनी एकमेकांना दुहेरी बंधाने धरलेले असते. त्यांपैकी एक बंध उघडला की दोन्ही बाजूंना एकेक हात मोकळा होतो आणि एथिलीनचे रेणू एकापुढे एक जोडले जातात. काहीही बाहेर पडत नाही. १९३३ साली इंग्लंडमधील विनिंग्टन येथे फॉसेट व गिब्सन हे दोन शास्त्रज्ञ अतिशय मोठ्या दाबाखाली वेगळाच प्रयोग करीत असता त्यांना उपकरणात पांढरा, मेणासारखा पदार्थ आढळला. तेच पॉलिथिन. परंतु वस्त्राच्या इतिहासाला कलाटणी मिळाली ती संघननाच्या वाटेने.

या वाटेवर एक मोठी अडचण होती आणि ती हिशेबाची होती. समजा, दोन हातांचे एक हजार रेणू घेतले. एक जोडणी झाली की सुट्या नगांची संख्या एकाने कमी होते. पाचशे जोडण्या झाल्या म्हणजे अर्धे काम झाले. परंतु पाचशे तुकडे उरले आणि एका तुकड्यात सरासरी दोनच कड्या आल्या. नऊशे जोडण्या झाल्या, तरी शंभर तुकडे उरतात आणि सरासरी लांबी दहा कड्यांची होते. नऊशे नव्वद जोडण्या झाल्या की सरासरी शंभर कड्यांची साखळी मिळते आणि नऊशे पंचाण्णव झाल्या की दोनशेंची. म्हणजे शेकडा नव्वद काम होऊनही हाती येतो तो ठिसूळ, निरुपयोगी पदार्थ. धागा म्हणता येईल अशी वस्तू मिळते ती शेवटच्या एक-दोन टक्क्यांत. हा संबंध कॅरोदर्स यांनीच समीकरणाच्या रूपात मांडला आणि आजही तो त्यांच्या नावाने ओळखला जातो.

दुसरी अट जमा-खर्चाच्या दोन्ही बाजू जुळविण्याची. दोन प्रकारचे रेणू नेमके सारख्या संख्येने असले पाहिजेत. एका बाजूला शंभर आणि दुसऱ्या बाजूला नव्याण्णव असा नुसता एकाचा फरक राहिला, तरी शेवटी सर्व साखळ्यांच्या दोन्ही टोकांना जास्तीच्या बाजूचेच हात उरतात. धरावयास समोर कोणी नसल्याने वाढ थांबते आणि कितीही तापविले तरी सरासरी लांबी सुमारे दोनशे कड्यांपलीकडे जात नाही. तिसरी अट सुटलेले पाणी काढून टाकण्याची. ते भांड्यातच राहिले, तर पुन्हा साखळीत शिरून झालेली जोडणी तोडते. कॅरोदर्स व त्यांचे सहकारी ज्युलियन हिल यांनी निर्वात अवस्थेत चालणाऱ्या खास उपकरणाने पाण्याचा अंशन्‌अंश खेचून घेतला. एप्रिल १९३० मध्ये हिल यांच्या हाती बारा हजारांच्या आसपास रेणुभार असलेला पॉलिएस्टर आला. वितळलेल्या पदार्थात काचेची कांडी बुडवून वर उचलताच तिच्यामागून लांब तंतू निघाला. तो थंड झाल्यावर ओढला, तेव्हा तुटण्याऐवजी कित्येक पट लांबला आणि रेशमासारखा चमकू लागला. आत गुंतून पडलेल्या साखळ्या ओढण्यामुळे एका दिशेने सरळ झाल्या होत्या आणि तंतूला बळ आले होते.

तथापि हा पहिला पॉलिएस्टर वस्त्राच्या उपयोगाचा नव्हता. तो उकळत्या पाण्याइतक्या उष्णतेलाही टिकत नव्हता; मग त्यावर इस्त्री कशी फिरवावी? काही वर्षांच्या खटपटीनंतर २८ फेब्रुवारी १९३५ रोजी कॅरोदर्स यांच्या गटाने सहा कार्बनचे अ‍ॅडिपिक आम्ल आणि सहा कार्बनचे हेक्झामिथिलीन डायअमाइन यांची साखळी तयार केली. हेच नायलॉन ६६. यात कड्या जोडणारा बंध रेशमाच्या प्रथिनात असतो त्याच जातीचा आहे, त्याला अमाइड बंध म्हणतात. साखळ्यांचे एकमेकांवरील आकर्षण त्यामुळे वाढले आणि हा धागा २६० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवल्यावरच वितळू लागला. शिवाय हे आम्ल आणि हे अमाइन एकत्र आणले की त्यांचे एकास एक प्रमाणातले क्षार-स्फटिक तयार होतात, म्हणून दोन्ही बाजू जुळविण्याचे काम सोपे झाले. ऑक्टोबर १९३८ मध्ये कंपनीने नायलॉनची जाहीर घोषणा केली आणि १५ मे १९४० रोजी नायलॉनचे मोजे संपूर्ण अमेरिकेत विक्रीस आले. जपानी रेशमाच्या मोज्यांची जागा त्यांनी बघता बघता घेतली.

हे यश पाहण्यास कॅरोदर्स हयात नव्हते. तरुणपणापासून त्यांना खिन्नतेच्या आजाराने ग्रासले होते. १९३६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर त्यांची निवड झाली, तरी आपल्या हातून आता काही नवे होणार नाही ही भावना त्यांना सोडीत नव्हती. जानेवारी १९३७ मध्ये त्यांच्या लाडक्या बहिणीचे निधन झाले आणि २९ एप्रिल १९३७ रोजी, एक्केचाळीस वर्षे पूर्ण झाल्यानंतर दोनच दिवसांनी, त्यांनी स्वतःच आपली जीवनयात्रा संपविली. त्यांची कन्या त्यानंतर सात महिन्यांनी जन्मली. बाहेरून मान-सन्मान मिळणारा माणूस आतून किती खचलेला असू शकतो, याची ही नोंद प्रत्येक कुटुंबाने ध्यानात ठेवावी अशी आहे. हा शरीराच्या इतर आजारांसारखाच आजार होय आणि त्याला वेळीच उपचार व माणसांची सोबत लागते.

कॅरोदर्स यांनी बाजूला ठेवलेला पॉलिएस्टर इंग्लंडमध्ये पुन्हा उचलला गेला. कॅलिको प्रिंटर्स असोसिएशन या कापडछपाईच्या संस्थेच्या अ‍ॅक्रिंग्टन येथील प्रयोगशाळेत जॉन रेक्स व्हिनफिल्ड आणि जेम्स टेनंट डिक्सन यांनी १९४१ साली कॅरोदर्स यांच्या कामातील उणीव नेमकी हेरली. साखळीतील आम्लाचा भाग लवचीक होता, म्हणून ती लवकर वितळत होती. त्यांनी त्या जागी टेरेफ्थॅलिक आम्ल घेतले. त्यात सहा कार्बनचे ताठ कडे असते. त्याला एथिलीन ग्लायकॉलची जोड दिली. या ताठ कड्यामुळे वितळण्याचा अंश एकदम २६० सेल्सिअसच्या घरात गेला. हाच टेरिलीन. भारतात त्याची सुताशी सांगड घालून टेरीकॉट आले आणि १९८२ साली रायगड जिल्ह्यातील पाताळगंगा येथे रिलायन्सचा पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना सुरू झाला. ज्या घरात दोन जोड कपड्यांवर वर्ष काढले जाई, तेथे न चुरगळणारा, लवकर वाळणारा आणि वर्षानुवर्षे न विरणारा सदरा आला. हे उपकार विसरता येणार नाहीत. आज जगात तयार होणाऱ्या एकूण तंतूंपैकी निम्म्याहून अधिक पॉलिएस्टर आहे.

आता पेढीवरच्या त्या जळत्या धाग्याकडे पुन्हा पाहता येईल. सेल्युलोजच्या साखळ्यांमधील आकर्षणे इतकी दाट असतात की, त्या एकमेकींपासून सुटण्याआधीच उष्णतेने साखळीच मोडते. म्हणून सूत वितळत नाही, जळते. पॉलिएस्टरच्या साखळ्या उष्णतेने एकमेकींवरून घसरू लागतात आणि थंड होताच पुन्हा गोठतात. म्हणून मणी होतो. अंगाला सुखकर वाटण्याचे गणितही येथेच आहे. नेहमीच्या हवेत शंभर ग्रॅम कोरडा कापूस सुमारे साडेआठ ग्रॅम बाष्प धरून ठेवतो, नायलॉन सुमारे चार ग्रॅम, तर पॉलिएस्टर अर्ध्या ग्रॅमहूनही कमी. कापसाच्या कडीला पाणी धरून ठेवणारे गट जागोजागी असतात. पॉलिएस्टरच्या कडीला ते जवळजवळ नसतात. म्हणून शुद्ध पॉलिएस्टरचा सदरा लवकर वाळतो आणि म्हणूनच वैशाखात अंगाला चिकटतो. एकाच कारणातून गुण आणि दोष दोन्ही निघतात.

येथे एक प्रश्न या समाजासमोर विशेषत्वाने उभा राहतो. रेशमासाठी कोश गरम पाण्यात अथवा वाफेत टाकून आतील जीव मारला जातो, म्हणून अनेक घरांत रेशीम वापरले जात नाही. कृत्रिम धागा आला तेव्हा ती चिंता मिटली, असे पुष्कळांना वाटले आणि त्यात तथ्यही होते. परंतु विचार तेथेच थांबविता येत नाही. कृत्रिम साखळी इतकी पक्की असते की, टाकून दिल्यावरही ती सुटत नाही. सुताचा चिंधीतुकडा ओल्या मातीत काही महिन्यांत विरतो, कारण सेल्युलोजची कडी उघडणारे सूक्ष्म जीव निसर्गात सर्वत्र आहेत. पॉलिएस्टरचा तुकडा अनेक दशके पडून राहतो. प्रत्येक धुण्यात त्याचे डोळ्यांना न दिसणारे तंतू सुटतात, ते नाल्यातून नदीत व नदीतून समुद्रात जातात आणि जलचरांच्या पोटात सापडले आहेत. वस्तू तयार करताना झालेली हिंसा डोळ्यांना दिसते. टाकून दिल्यानंतरची दिसत नाही. हिशेब मात्र दोन्हींचा ठेवावा लागतो.

सुदैवाने याचे उत्तरही साखळीच्या घडणीतच आहे. पाणी बाहेर काढून जी जोडणी झाली, ती योग्य उष्णतेत पाणी किंवा ग्लायकॉल आत घालून पुन्हा उघडता येते आणि मूळ कड्या परत मिळतात. त्यांपासून पुन्हा नवा धागा करता येतो. २०१६ साली जपानी शास्त्रज्ञांनी साकाई शहरात मिळालेल्या एका जीवाणूची माहिती प्रसिद्ध केली. तो आपल्या विकरांच्या साहाय्याने हीच साखळी सावकाश तोडून त्यावर जगतो. बाटल्या वितळवून धागा करण्याचा उद्योग तर भारतात केव्हाच रुजला आहे. खरी अडचण मिश्र कापडाची आहे. दोन वेगवेगळ्या साखळ्या एकाच धाग्यात पिळून बसल्या की त्यांना वेगळे करणे खर्चाचे होते. जो टेरीकॉट संसाराला सर्वांत सोयीचा ठरला, तोच पुनर्वापराला सर्वांत अवघड आहे.

म्हणून कापड विकणाऱ्याने आणि घेणाऱ्यानेही धाग्याची ओळख करून घेणे हे आता नुसते व्यापारी कौशल्य राहिलेले नाही. ताग्यावर शुद्ध सूत लिहिले असेल, तर आत शुद्ध सूतच असावे. मिश्रण असेल, तर त्याचे खरे प्रमाण सांगावे. बाळाच्या झबल्याला आणि उन्हात राबणाऱ्याच्या सदऱ्याला काय योग्य, दप्तराला आणि छत्रीला काय योग्य, हे ग्राहकाला समजावून द्यावे. टिकाऊ धाग्याचे कापड टिकेपर्यंत वापरावे. चार वेळा नेसून टाकण्यासाठी ते घेऊ नये. गरजेपुरते घ्यावे हा संस्कार घराघरांत आहेच. तो कपाटापर्यंत पोहोचला पाहिजे, एवढेच.

या संस्थेची पन्नास वर्षेही अशाच जोडणीने उभी राहिली आहेत. कॅरोदर्स यांच्या हिशेबाचा एवढाच भाग विद्यार्थ्यांनी घरी घेऊन जावा की, शेकडा नव्वद जोडण्या झाल्या तरी साखळी दहा कड्यांचीच राहते. बळ येते ते उरलेल्या थोड्या कड्याही जोडल्या जातात तेव्हा. जे अजून बाहेर राहिले आहेत, त्यांच्यापर्यंत हात पोहोचविण्याचे काम पुढील पन्नास वर्षांसाठी शिल्लक आहे.